गोदाक्काची तिसरी वाटी

खोली दाखवताना घरमालक पाण्याचं सांगतात, लाइटबिलाचं सांगतात, पाहुण्यारावळ्यांची चौकशी करतात. गोदाक्कानं यातलं काही केलं नाही. तिनं खोलीचं दार दोनदा उघडलं, दोनदा लोटलं आणि म्हणाली, "म्याडम, एकच सांगते. आतनं कडी लावू नगा. ईट लावा दाराला. चोर येत न्हाय हितं, आन आला तर त्येला म्या बगते."

मी धाराशिवात वाढलेली, एकटी राहणारी बाई. सास्तूरच्या अलीकडच्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी बदली झाली होती, आणि रोज एसटीचे धक्के खाण्यापेक्षा तिथंच खोली घ्यावी म्हणून मी आले होते. कडी न लावता झोपा म्हणणारी मालकीण मला डोक्यानं जरा सैलच वाटली. मी अर्थातच कडी लावली. उजाडता उजाडता दारावर थाप पडली. घाबरून उघडलं तर अक्का उभी. "उगडलाव न्हवं? मग झोपा आता," म्हणाली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी मी मुकाट्यानं वीट आणली.

कारण मला शेजारणीकडून कळलं. भूकंप झाला तेव्हा अक्का नवी नवरी होती. माळवदाचं घर बसलं आणि ती खाली सापडली. तुळई आडवी पडली म्हणून जीव वाचला. समोर हातभर अंतरावर दार दिसत होतं. दाराला आतून कडी होती, निजताना तिनंच लावलेली, आणि तिचा हात काही त्या कडीपर्यंत पोचत नव्हता. दुपारी लोकांनी उकरून काढेपर्यंत ती त्या कडीकडं बघत पडून होती. ती स्वतः यावर कधी बोलली नाही. भूकंपानंतर बांधून मिळालेल्या सिमेंटच्या घरात ती स्वयंपाक करायची, सणवार करायची. झोपायला मात्र अंगणातल्या पत्र्याच्या शेडात जायची, कारण त्याला दारच नव्हतं.

बुटकी, रुंद हाडाची, चाळिशी ओलांडलेली बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात तुळशीची माळ. चालायची ती पुढं झुकून, चुलीवर काहीतरी उतू चाललंय अशा घाईत. मी तिच्याकडंच जेवायला होते, पण तिला ताट घेऊन बसलेलं मी कधी पाहिलं नाही. तव्यावरची शेवटची भाकरी ती हातावर घ्यायची, तिच्यावरच कालवण ओतायची आणि उभ्याउभ्या खायची. एक डोळा नवऱ्याच्या ताटावर, एक माझ्या.

"अक्का, बसा की जरा."

"आसू द्या. मागनं बसते."

हे मागनं कधी आलंच नाही.

वेळ अमावस्येला तर कहर. आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. बाजरीचे उंडे, सगळ्या भाज्या आणि शेंगा मिळून एक भज्जी, धपाटे, खीर आणि मातीच्या बिंदग्यात ताकात आंबवलेली ज्वारीची आंबील, एवढं सगळं डोक्यावर घेऊन बायका शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग ओळखीच्या-बिनओळखीच्याला हाका मारमारून जेवू घालतात. अक्काच्या शेतात पंगतीमागून पंगत उठायची. तिची स्वतःची पंगत शेवटची, तीही उभीच. तिची आंबील मात्र शिवारात नावाजलेली. दुसऱ्याच्या शेतात पोटभर जेवलेली माणसं पेलाभर आंबिलीसाठी अक्काच्या बांधावर यायची.

तात्या म्हणजे तिचे मालक. माणूस चांगला, आणि हीच माझी अडचण आहे. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. तात्या भजनी मंडळ चालवायचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांचा थोरला भाऊ दारूपायी गेला होता. तेव्हापासून त्यांनी एकेका पिणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या दारात तासन्‌तास बसून, त्याला माळ घालायला लावली होती. गावातल्या कितीतरी बायका तात्यांचं नाव घेताना पदर सावरायच्या. बायकोवर त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त जेवताना त्यांनी मान वर करून समोर कोण उभं आहे ते कधी पाहिलं नाही. त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गावात कुणालाच वाटत नव्हतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा बालाजी कोरियात होता, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. सून प्रणिताला दिवस गेले. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपणाला अक्कानं जायचं ठरलं. गावानं ते मनावरच घेतलं. खारीक, डिंक, अळीव, बाळंतशेपा यांनी पिशव्या फुगल्या. निघायच्या दिवशी भजनी मंडळानं देवळापुढं तिला हार घातला. एकानं काळजीनं सांगितलं, "अक्का, तिकडं समदं खातेत म्हनं, जपून."

"खाऊ द्या की. म्या माजी चटणी घेतलीय," अक्का म्हणाली. तात्या त्या दिवशी खूश होते. एसटी सुटेपर्यंत हात जोडून उभे होते.

तिकडून फोनवर ती दिसायची ती काचेसमोर बसलेली. मागं ढगाएवढ्या उंच इमारती. नातू झाला, बारसं झालं, पण अक्का दिसामासानं वाळत चालली. मला एकटीला गाठून म्हणाली, "म्याडम, हितं दाराला कडीच न्हाय. दार आपलं आपून लागतंय आन आतमदी कायतरी गुरगुरतंय. ईट लावून बगितली तर वरडालंय मेलं."

"म्हणजे?"

"दार उगडं ऱ्हायलं की केकाटतंय. खालवरची लोकं गोळा झाली. बालाजी मनला, आय, ईट काड."

दाराला आकड्यांचं कुलूप होतं. बालाजीनं आकडे पाठ करून घेतले होते, पण तिचा त्या दारावर विश्वास नव्हता. ती बाळंतिणीला शेक द्यायची, बाळाला न्हाऊ घालायची आणि उरलेला दिवस त्या दाराकडं पाठ करून बसायची. खिडक्या होत्या, पण त्या चार बोटांपलीकडं उघडत नव्हत्या.

त्यानंतर जे घडलं ते मला तिनंच सांगितलं, परत आल्यावर, चुलीपुढं बसून. तेही एका दमात नाही; एक भाकरी थापायची, एक वाक्य बोलायचं.

एके सकाळी बालाजी आणि प्रणिता बाळाला सुई द्यायला दवाखान्यात गेले. अक्का कचऱ्याची पिशवी टाकायला खाली उतरली. वर आली तर दार लागलेलं. आकडे डोक्यातून पार उडालेले. फोन आत, चपला आत, पायात घरातल्या मऊ सपाता. मला वाटलं ती आता रडवेली झाल्याचं सांगेल. अक्का हातातलं पीठ झटकत हसली.

"म्याडम, जलमात पैल्यांदा दार लागलं आन म्या भाईर."

ती चालत सुटली. पाऊस भुरभुरत होता. इमारतींच्या मागच्या बाजूला एक बोळ होता, त्यात एक जुनं कौलारू घर, आजूबाजूच्या मनोऱ्यांमध्ये चुकून राहिलेलं. अंगणात छातीएवढे काळे रांजण ओळीनं मांडलेले. ते बघून अक्काचा पाय थबकला. इतक्या दिवसांत तिला तिथं मातीचं काही दिसलंच नव्हतं. आतून कांदा तळल्याचा वास येत होता. ते हॉटेल आहे हे तिला कळलं नाही. तिला वाटलं कुणाचं तरी घर आहे आणि काहीतरी कार्य चाललंय, कारण लोक खाली बसून, बुटक्या चौरंगांवर जेवत होते.

दारात एक म्हातारी भल्या मोठ्या तव्यावर धिरडी घालत होती. "माज्या आयच्या वयाची. आस्सा वाकल्याला कणा. आन धिरडं कसलं मनताव! कांद्याची पात अख्खीच्या अख्खी तव्यावर आडवी मांडायची, लहान लेकरं निजवल्यावानी, आन वरनं पीठ."

म्हातारीनं एका घाण्यात कसले तरी समुद्रातले किडे टाकले तशी अक्का दोन पावलं मागं सरली. म्हातारीनं पाहिलं. तिची माळ पाहिली, भिजलेल्या सपाता पाहिल्या. अक्कानं पातीच्या जुडीकडं बोट केलं आणि बाकी सगळ्याला हातानं नको नको केलं. म्हातारीनं मान डोलावली आणि तवा पुसून घेतला.

मग अक्कानं तेच केलं जे ती कुठल्याही चुलीपुढं करते. पदर खोचला आणि उलथनं घ्यायला हात पुढं केला. म्हातारीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून खाली बसवलं.

"तिच्या बोलीत काय मनली की. पर बस मनली," अक्का म्हणाली. "दाबून बशिवली म्याडम. म्या उटाय लागले तर परत दाबलं."

चौरंग पुढं आला. त्यावर धिरडं, शेजारी काळं आंबट पाणी बुडवून खायला. आणि मग मातीचं एक भांडं आलं, आत भोपळ्याच्या कवटीचा पळा, आणि भांड्यात पांढरं, दाटसर, आंबूस वासाचं काहीतरी. अक्काच्या डोळ्यांपुढं येळवस उभी राहिली. तिला वाटलं, आंबील. मातीच्या भांड्यातून पळ्यानं वाढतात ती आंबीलच, दुसरं काय असणार. म्हातारीनं एका हातात पळा धरला, दुसरा हात त्याच्याखाली लावला आणि वाटी भरून दोन्ही हातांनी पुढं केली, देवाला नैवेद्य दाखवावा तशी.

"आन मग म्या पेले," अक्का म्हणाली आणि तवा उतरवायला उठली.

बालाजीला ती दुपार कलल्यावर सापडली. नाक लाल, गाल लाल, भिंतीला टेकून पाय पसरलेले, आणि म्हातारीला जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवत होती. म्हातारी टाळ्या देत होती. बालाजीनं वाटी हुंगली आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तांदळाची दारू होती. तिकडं पाऊस आला की लोक धिरडं आणि ती दारू घेऊन बसतात, जशी आपण भजी आणि चहा घेऊन बसतो. बालाजीला वाटलं यासारखी गंमत नाही. त्यानं संध्याकाळी वडिलांना फोन लावला आणि सगळं रंगवून सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

ती परतली त्या दिवशी मी अंगणात होते. पिशव्या उतरल्या, पाणी झालं, चहा झाला. अक्कानं चहाचा कप तात्यांपुढं धरला. तात्यांनी तो घेतला नाही. तिच्या पर्समधून पासपोर्ट काढून घेतला, "नीट ठिवतो," म्हणाले, लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली करदोड्याला बांधली. मग शांतपणे म्हणाले, "म्हाराज येतील तवा त्येंच्याम्होरं चुकलं मन. नवी माळ घाल. मग म्होरलं बगू."

"हीच माळ हाय की गळ्यात," अक्का म्हणाली.

"ती बाटली."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात दोन चुली पेटायला लागल्या. बायकोच्या हातचं खायचं नाही म्हणजे तात्यांना स्वतः रांधणं आलं, आणि या माणसानं आयुष्यात पाणी तापवलं नव्हतं. त्यांच्या भाकरीचे नकाशे व्हायचे. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं पीठ. अक्का आपल्या चुलीपुढून बघत राहायची. मग एकदा हवेत बोलल्यासारखं म्हणाली, "पीठ गरम पाण्यात भिजवतेत मनं लोकं." दुसऱ्या दिवशी तात्यांनी पाणी तापवलं. भजनी मंडळातली माणसं बसायला आली की तात्या भाकरी टोपलीखाली दडवायचे. मला हसू यायचं आणि त्याच वेळी इतका राग यायचा की ताट घेऊन मी खोलीत जायची. पावसाळा लागला, ओलं सरपण धुमसायला लागलं, तात्यांना खोकला धरला, आणि एक दिवस ते न बोलता अक्काच्या चुलीपुढं येऊन बसले. तिनं न बोलता वाढलं. किल्ली मात्र करदोड्यालाच राहिली.

गावातली माणसं वाईट नव्हती. प्रत्येकजण तिला सुटायची वाट दाखवत होता. "अक्का, नकळत झालं मना, सुटलाव." "आंबील मनून पेलाव, त्येला पाप लागत न्हाय." मीही तेच म्हणाले. मी तर शिकलेली, म्हणून जास्तच ठासून म्हणाले, "अक्का, तुम्हाला ठाऊकच नव्हतं, तर यात चूक कसली? तेवढं सांगून मोकळ्या व्हा."

अक्का पात निवडत होती. "पैली वाटी न्हाय ठावं. दुसरीला वाटलं, आंबील जास्त आंबलीय. तिसरीला कळलं."

"कळलं?"

"कळंल न्हाय तर काय. भावजी दारात पडायचे तवा त्येंचं त्वांड म्याच धुतलंय. वास वळकत न्हाय व्हय म्या?"

"मग घेतली का?"

"वाढल्यालं टाकू नी," अक्का म्हणाली आणि पातीची मुळं कापायला लागली.

मी हसले. ती हसली नाही. मुळं बाजूला सारत म्हणाली, "नकळत मनलं तर दोन वाट्याचं खरं हाय. तिसरीचं खोटं. खोटं बोलून माळ घालू व्हय?"

त्या दिवसांत रविवारी ती माझ्यासाठी पातीची धिरडी करायची. तांदळाचं पीठ थोडं, गव्हाचं थोडं, पात आडवी मांडायची. पहिलं धिरडं मोडून तोंडात टाकायची, डोळे मिटायची, मग मान हलवायची. "न्हाय. तसं न्हाय." मी ताट हातात घेऊन उभी राहिले की ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पाटावर दाबायची. मला ते दाबणं कळायला वेळ लागला. कळल्यावर एकदा मी उलटं तिलाच खांद्याला धरून बसवायला गेले. ती तटकन बाजूला झाली. "हितं नगं," म्हणाली. दारात तात्या हातपाय धूत होते.

मग प्रणिताला पुन्हा दिवस गेले. पहिलं बाळंतपण अक्कानं इतकं निगुतीनं केलं होतं की सुनेला दुसरं कुणी नकोच होतं. बालाजी रोज फोन करायला लागला. अक्काचे डोळे लखलखायला लागले. मला म्हणाली, "नातवाला बगायचंय, सुनंचं करायचंय, समदं खरं. पर तुमाला मनून सांगते, तिथं जाऊन बसायचंय एकडाव. म्हातारीनं पदराला धरून सांगितलंय, परत यी मनून."

"त्यांची भाषा कळाली तुम्हाला?"

"पदर धरल्यालं कळतंय की."

महाराज, म्हणजे भजनी मंडळाचे गुरू, भागवत सप्ताहासाठी गावात आले. साधा, कनवाळू माणूस. तात्यांनी त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं आणि महाराजांना ते लवकर मिटवायचं होतं. देवळात माणसं बसली होती. एकीकडं पुरुष, एकीकडं आम्ही बायका. ताटात नवी माळ, बुक्का, फुलं. अक्का पुढं जाऊन उभी राहिली. नव्या पातळाची घडी मोडलेली. तात्या खांबाशी बसले होते आणि त्यांचा हात कमरेला, किल्लीवर होता. मी पाहिलं, तो हात गाठ सोडायच्या तयारीत होता. त्यांनाही हे संपायला हवं होतं.

महाराजांनी प्रश्नातच उत्तर घालून दिलं. "माउली, परमुलखात घडलं. नकळत घडलं. असंच ना?"

नुसतं व्हय म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. मी मागून मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा अक्का, एकदा म्हणा, काय जातंय.

"दोन वाट्या नकळत घडल्या, म्हाराज," अक्का म्हणाली. "तिसरी कळून घेतली."

महाराजांनी आणखी एक दार उघडून पाहिलं. "मग आता वाईट वाटतं ना?"

अक्कानं ताटातल्या नव्या माळेकडं बघितलं. ती उत्तर शोधत नव्हती, ते खरं आहे का ते तपासत होती. "म्हातारीनं दोन हातानं वाढली हुती. न्हाय मनवलं न्हाय," म्हणाली. "वाईट वाटाय पायजे मनून लई बगितलं. न्हाय वाटत."

तात्यांचा हात कमरेवरून खाली आला. ते उठले आणि कुणाकडं न बघता देवळाबाहेर गेले. ताटातली माळ ताटातच राहिली.

घरी येताना मी तिच्यासोबत होते. माझा संताप तात्यांवर होता, महाराजांवर होता, आणि थोडा तिच्यावरही. एका शब्दासाठी नातू, सून, विमान, सगळं घालवलं होतं बाईनं. तिला ते कळलं असावं.

"समदे इचारतेत, का पेलीस," ती चालता चालता म्हणाली. "बालाजीनं इचारलं, ह्येंनी इचारलं, म्हाराजानी इचारलं. कसं लागलं, आसं एकानं न्हाय इचारलं."

बाळंतपणाला प्रणिताची आई गेली, दुखऱ्या गुडघ्यानिशी. इकडं अक्का भाकरी थापत राहिली, वाढत राहिली, उभ्यानं खात राहिली. आता ती शेडातही कमी झोपायची, अंगणात बाज टाकायची. तसं कुणी तिला नको म्हणत नव्हतं, कुणी कोंडत नव्हतं. दिवसभर घराची सगळी दारं सताड उघडी असायची. तरी तिच्याकडं बघितलं की मला ती कडी आठवायची. पुढं माझी बदली धाराशिवजवळ झाली. निघताना तिनं मला काही दिलं नाही, फक्त वीट उचलून माझ्या पिशवीत घातली.

नंतर फोनवरच कळत गेलं. तात्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. करदोडा बदलताना किल्ली अक्काकडं आली. तिनं कपाट उघडलं, तोवर पासपोर्टाची मुदत संपली होती. बालाजी म्हणाला, आई, नवा काढू, सोपं आहे. पण तात्यांना घास भरवायला दिवसातून किती तरी वेळा माणूस लागायचं आणि दुसऱ्या कुणाच्या हातानं ते तोंड उघडत नव्हते. ज्या हाताचं खायचं नाही म्हणून त्यांनी चूल मांडली होती, त्या हाताशिवाय आता त्यांना चालत नव्हतं. मी फोनवर तात्यांना दोन शब्द बोलणार होते. अक्कानं मला अडवलं. "किल्ली हाय की आता माज्याकडं," म्हणाली. "जाऊ कशी ते सांगा."

मी तिला शेवटचं पाहिलं ते मागच्या येळवसीला. मुद्दाम रजा काढून गेले होते. शेतात हरभरा घाट्यावर आला होता, ज्वारी कमरेच्या वर गेली होती. कोपीच्या तोंडाशी तात्यांना खुर्चीत बसवलेलं, अंगावर घोंगडं. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. शेजारी मी. बांधाच्या पलीकडून माणसं येत होती, पंगत बसत होती, उठत होती, आणि अक्का पदर खोचून, पुढं झुकून, इकडून तिकडं पळत होती. केस पांढरे झाले होते. माळ तीच होती, जुनी.

पूजेपुढं बिंदगं होतं. ती पेला न्यायला आली तेव्हा तात्या काहीतरी बोलले. तिला कळलं नाही, मला तर नाहीच. तिनं कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी एकेक शब्द ओढून काढल्यासारखा बाहेर काढला.

"गोदे. ते. कसं... लागलं हुतं?"

पंगतीतून कुणीतरी उंडा मागत होतं. अक्का हलली नाही. मग ती खाली बसली, बिंदग्यातली आंबील वाटीत ओतली, दोन्ही हातांनी धरून त्यांच्या ओठांना लावली आणि ती संपेपर्यंत तशीच धरून ठेवली. हनुवटीवर ओघळलेलं पदरानं पुसलं.

"आसंच," म्हणाली. "जरासं ग्वाड. आन दुसऱ्यानं वाढल्यालं."

तात्या तिच्याकडं बघत राहिले. खातापिताना तिच्या तोंडाकडं असं बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी डावा हात घोंगड्यातून बाहेर काढला आणि तिला वाढायला म्हणून बिंदग्याकडं नेला. बोटं पुढं गेली आणि हातभर अलीकडंच थांबली. त्यांनी पुन्हा नेला. पोचला नाही.

मी बिंदगं पुढं सरकवायला वाकले, तोवर अक्का उठली होती. "आसू द्या," म्हणाली. "मागनं बसते." आणि उंड्यांची पाटी उचलून ती पंगतीकडं गेली.